गच्चीवरचं आखूड इंग्रजी

मार्च लागला की नाशिकची हवा दिवसातून दोनदा स्वभाव बदलते. सकाळी चादर अंगावर ओढून घ्यावीशी वाटते आणि दुपारी पंखाही पुरत नाही. नाक्यानाक्यावर द्राक्षांच्या हातगाड्या लागतात. घड एकीकडे, सुटे मणी दुसरीकडे. सुट्या मण्यांना गोडी जास्त असते, हे नाशिककराला कुणी शिकवावं लागत नाही. आणि ह्याच दिवसांत शाळेच्या तोंडी परीक्षा येतात. मी इंग्रजीची शिक्षिका. वर्गाच्या दाराशी खुर्ची टाकून बसते आणि एकेक मूल पुढ्यात येऊन उभं राहतं.

हल्लीची मुलं धीट आहेत. हातांहातांत मोबाइल आले, त्यावर संदेश धाडून धाडून त्यांचे निम्मे शब्द गळून पडलेत. परवा एका मुलीला मी प्रश्न विचारला, तर तिनं खांदे उडवले आणि म्हणाली, "डोन्ट नो, मिस." साधा 'आय'सुद्धा नाही. तिला रागवायचं सोडून मी खिडकीबाहेर बघत बसले. बिचारीला वाटलं, आता बाई शून्य देणार. मी तिला चांगले गुण दिले आणि पाठवून दिलं.

तिचा दोष नव्हता. 'डोन्ट' हा शब्द मार्चमध्ये कानावर पडला की मी जिथे असते तिथे राहत नाही. मी मखमलाबाद नाक्याजवळच्या आमच्या जुन्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर जाते. समोर पांढऱ्या कापडावर कुरडया वाळत असतात आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, वहीतल्या ओळीखाली बोट ठेवून सावकाश 'डू... नॉट' म्हणत असतात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती आणि डोक्यावरचं ओझं उतरल्यानं मी दिवसभर हवेत तरंगत असे. त्या वयात सुट्टी किती लांब असते! सकाळी आई गव्हाचा चीक शिजवायला घ्यायची. त्याचा आंबूस, गरम वास जिना चढून वर यायचा. सोऱ्यातून कुरडया पाडून झाल्या की पहाऱ्याला मी. हातात एक काठी, मांडीवर पुस्तक आणि डोळ्यांत झोप. कावळे माझ्यापेक्षा हुशार होते. मी डोळे मिटेपर्यंत ते शेजारच्या टाकीवर अगदी सभ्यपणे बसून राहत.

आप्पा ओझरच्या वाटेवरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये फिटर होते. तिथे विमानांचे सुटे भाग दुरुस्त होत, तपासले जात. आमचं मूळ गाव सटाण्याकडचं. आप्पा आणि आई एकमेकांशी बरंचसं अहिराणीत, "काय शे?", "बरं शे" असं बोलत, आम्हा मुलांशी मराठी बोलत, आणि आप्पा कामावर कार्डाशी इंग्रजी बोलत. कार्डाशी म्हणजे खरोखरच कार्डाशी. प्रत्येक कामाचं एक छापील कार्ड असे. काम दोघांनी करायचं. एकानं कार्डावरची ओळ मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं ती ऐकून मगच पाना फिरवायचा. छापलंय तसं, शब्द न् शब्द वाचायचं. एक अक्षर खाल्लं तरी पाना खाली ठेवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. वीस वर्षं हे केल्यावर माणसाच्या अंगात ते मुरतं. घरी आई किराणा आणायला सांगायची, तर आप्पा पिशवी हातात घेऊन अख्खी यादी तिला परत म्हणून दाखवत. "अहो, तुरीची डाळच आणायचीय, विमान नाय उडवायचं," आई म्हणायची.

त्या वर्षी वर्कशॉपमध्ये तपासनिसाची एक जागा निघाली. आप्पा त्रेपन्न वर्षांचे होते. याआधी दोनदा त्यांनी अर्ज केला होता आणि दोन्ही वेळा इंग्रजी बोलण्यावर घोडं अडलं होतं. तपासनिसाला बाहेरून आलेल्या साहेबांशी बोलावं लागे, म्हणून मुलाखत इंग्रजीतून. आता तिसरी वेळ, आणि वयाच्या अटीमुळे शेवटचीच. तपासनिसाला पांढरा कोट मिळायचा, पण आप्पांना कोटाचं काही नव्हतं. तपासनिसाला स्वतःचा शिक्का असतो. आप्पांनी बसवलेल्या प्रत्येक भागावर वीस वर्षं दुसऱ्याच कुणाचा तरी शिक्का उमटत आला होता. त्यांना स्वतःचा हवा होता. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही कुरडया उलटवताना, माझ्याकडे न बघता.

मग म्हणाले, "मने, तू शिकिव ना मला बोलायचं. तुला येतं ना आता."

मला येत होतं असं मलाही वाटत होतं. परीक्षा संपल्या संपल्या मी कॉलेज रोडच्या एका इंग्रजी संभाषणाच्या क्लासला जायला लागले होते. तिथले सर म्हणत, "इंग्रज अर्धं बोलतो आणि अर्धं गिळतो. तुम्ही गिळायला शिका, बोलणं आपोआप येईल." माझ्यासाठी ही क्रांतीच होती. शाळेत आमच्या बाई आखूड रूपं लिहिली की गुण कापायच्या. 'आयम' लिहिलंत की लाल गोल. आणि इथे सर सांगत होते की जो सुटं सुटं 'आय अ‍ॅम' म्हणतो, तो पाठ केलेलं म्हणतोय हे दारातच कळतं. 'इट इज' नाही, 'इट्स'. 'आय विल' नाही, 'आयल'. 'डिडन्ट' म्हणताना शेवटचा 'ट्' जिभेच्या टोकाशी न्यायचा आणि सोडायचा नाही, तिथेच धरून ठेवायचा. मी रस्त्यानं जाताना हे तोंडातल्या तोंडात घोळवायची. सायकलच्या पायडलवर 'कान्ट', 'वोन्ट', 'शान्ट' चालायचं. मला तेव्हा वाटायचं, मोठं होणं म्हणजे असेच शब्द लीलया गिळता येणं.

आमची शिकवणी गच्चीवर सुरू झाली. आप्पा पहिल्या पाळीहून दुपारी यायचे, हातपाय धुवायचे, वही कपाळाला लावायचे आणि माझ्यासमोर मांडी घालून बसायचे. शिकताना ते मला 'मने' म्हणत नसत. 'बाई' म्हणत. मी हसायची, पण मला ते आवडायचं हेही खरं.

पहिल्याच दिवशी त्यांनी हात टेकले. म्हणाले, "बाई, साहेबासमोर अर्धा शब्द कसा टाकायचा? पाव्हण्याला अर्धी भाकर वाढतो का आपण?"

आप्पांचं चुकत नव्हतं. आपल्याकडे मान द्यायचा तर लांबवायचं. नावापुढे राव लावायचा, साहेब लावायचं, 'या' म्हणायच्या जागी 'यावं' म्हणायचं. तोडायचं ते एक तर रागानं, नाही तर मायेनं. मी मनीषाची मनी झाले आणि मनीची मने झाले, ती मायेनंच. मी आप्पांना विचारलं, "तुम्ही घरात आल्यावर मला काय विचारता? 'तू काय करीत आहेस' असं?" आप्पा म्हणाले, "नाय. 'काय करतेयस' असं इचारतो." "मग तिथे 'आहे' कुठे गेलं?" आप्पा बोटांवर मोजायला लागले. येतोय, जातोय, बसलोय, नाहीये, कुठंय. आपलं सगळं घर असल्या आखडलेल्या शब्दांवर चाललंय हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते मनापासून हसले. मला ते हसणं अजून दिसतं. मागे पत्र्यावर ऊन पडलंय, दूर कुठेतरी कांद्याचा ट्रक घरघरतोय, आणि आप्पांच्या मिशीला चिकाचा एक पांढरा ठिपका लागलाय.

दुसरी अडचण त्या वरच्या स्वल्पविरामाची. 'डोन्ट' मी वहीत लिहिला तसं आप्पांनी त्या चिन्हावर बोट ठेवलं. "हे काय?" मी सांगितलं, इथलं एक अक्षर काढलंय, त्याची ती खूण. आप्पांचा चेहरा उजळला. "म्हंजे टॅग!" त्यांच्याकडे मशिनीचा एखादा भाग काढला की त्या जागी लाल टॅग बांधत, इथून काहीतरी काढलंय, विसरू नका, असं सांगणारा. मग काय विचारता! आप्पा एकेका शब्दाचा टॅग तपासायला लागले. 'इजन्ट'मध्ये एक 'ओ' काढला, बरोबर. 'आयम'मध्ये 'ए' काढला, बरोबर. 'वोन्ट'पाशी मात्र ते अडले. "विल नॉटमधले तर इतके भाग काढले, अन् वर ह्यो 'ओ' कुठनं आणून बसिवला? नोंद कुठंय याची?" मला काय माहीत! शेकडो वर्षांपूर्वी कुणा इंग्रजाच्या जिभेनं केलेला तो उद्योग, मी कुठून नोंद दाखवणार? आणि 'आयड' म्हणजे 'आय हॅड'ही आणि 'आय वुड'ही, हे ऐकल्यावर तर त्यांनी चष्माच काढून ठेवला. "एका टॅगवर दोन भाग? बाई, ही माणसं विमान कशी बनवतात?"

पण शिकले. हट्टानं शिकले. दोन आठवड्यांत त्यांचं 'आयव्ह बीन वर्किंग' असं सुटायला लागलं की मी काठी टाकून टाळ्या वाजवायची आणि कावळे कुरडईचा तुकडा घेऊन पसार व्हायचे. त्यांना एक नियम फार आवडला होता. कुणी विचारलं, 'तुम्ही फिटर आहात का?' तर 'येस, आयम' असं म्हणता येत नाही. वाक्याच्या टोकाला तो शब्द एकटा उभा राहतो, तिथे तो पुरा म्हणावा लागतो. 'येस, आय अ‍ॅम.' हे उत्तर आप्पा पाठ ताठ करून देत. दुपार उतरायची, पांडवलेणीकडचा डोंगर धुळीत विरघळून जायचा, आणि मी पेंगत पेंगत ऐकत असायची. येस, आय अ‍ॅम. येस, आय अ‍ॅम.

रंगपंचमी आली. भिजून घरी आलो, केस अजून गुलाबी होते, आणि त्या संध्याकाळी मी माझी मोठी अक्कल चालवली. सरावासाठी वाचायला आप्पांना समजेल असं इंग्रजी घरात काहीच नव्हतं. एक रद्द झालेलं जुनं कार्ड तेवढं होतं, आईच्या मसाल्याच्या फळीवर अंथरलेलं. मी ते काढलं, हळद झटकली आणि म्हटलं, हे वाचा, पण आता नव्या पद्धतीनं. कार्डावर जागोजागी तांबड्या अक्षरांत 'डू नॉट' होतं. ते दिसलं की 'डोन्ट' म्हणायचं.

आप्पा हळूच म्हणाले, "कार्ड असं वाचत नसतात, मने." त्या वेळी त्यांनी मला बाई म्हटलं नाही.

"आप्पा, परीक्षा इंग्रजीची आहे, कार्डाची नाही," मी म्हटलं. मुलाखतीत कार्डवाचनही असणार होतं, पण ते तर त्यांचं रोजचं काम. त्याची चिंता कुणालाच नव्हती. आप्पांनी कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शिकवणाऱ्याचं ऐकायचं असतं, ही त्यांच्या पिढीची शिस्त. त्यांनी बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि वाचलं, "डोन्ट." मी म्हटलं, पुन्हा. ते पुन्हा म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी ते कार्ड असं किती वेळा वाचलं असेल कोण जाणे. शेवटी शेवटी जीभ इतकी वळली की डोळ्यांना 'डू नॉट' दिसायचं आणि तोंडातून 'डोन्ट' यायचं. मला धन्य वाटलं होतं.

मुलाखतीहून आप्पा बसनं घरी आले. शर्टाची इस्त्री मोडली नव्हती. म्हणाले, "इंग्रजी बेस झालं. साहेबानं कौतुक केलं." मी आनंदानं उडीच मारली. आठ दिवसांनी कळलं की जागा गांगुर्डेकाकांना मिळाली. काका वणीकडचे, आप्पांचे जोडीदार. एक वाचणार, दुसरा पाना धरणार, अशी त्यांची कित्येक वर्षांची जोडी. काकांचं इंग्रजी म्हणजे आनंदीआनंद. त्यामुळे आम्ही घरच्यांनी ठरवून टाकलं की वशिला लागला असणार. आप्पा फक्त म्हणाले, "गांगुर्डे चांगला माणूस हाय." पुढची सात वर्षं त्यांनी बसवलेल्या भागांवर काकांचा शिक्का उमटत राहिला, आणि आप्पा निवृत्त झाले.

मी मात्र त्या कौतुकाच्या वाऱ्यावर पुढे गेले. माझ्या पहिल्या विद्यार्थ्याला साहेबानं शाबासकी दिली होती! इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, बी.एड. केलं, नोकरी लागली. कुणी विचारलं, शिक्षकी पेशात कशी आलीस, तर मी मोठ्या हौसेनं गच्चीची आणि टॅगची गोष्ट सांगायची. लोक खूप हसायचे.

गेल्या उन्हाळ्यात गांगुर्डेकाका मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. आता आमचं स्वतःचं लहानसं घर आहे, पुढे ओटा आहे. मी अक्षता घेतल्या, चहा ठेवला. बोलता बोलता मीच ती गोष्ट काढली. काका मान हलवत म्हणाले, "अगं, बोलला बाकी फाडफाड त्या दिवशी! साहेब माझ्याकडं असा बघायला लागला, की आता तुझं काय? मी म्हनलं, गेली आपली जागा. पर मंग कार्ड आलं ना."

"गांगुर्डे, चहा निवतोय," आप्पा म्हणाले.

"आम्हा दोघांना बाकाशी उभं केलं. आधी वाचायची पाळी ह्याची, पाना माझ्या हातात. चौथी वळ आली अन् ह्यानं वाचलं 'डोन्ट'. कार्डावर 'डू नॉट' छापलेलं, तांबड्या अक्षरात. आता मी काय करनार? नियमच हाय आपला. मी पाना खाली ठिवला. साहेबानं पेनाला टोपन लावलं." काकांनी बशीत चहा ओतला. "वीस वर्सांत ह्याच्या तोंडून कधी अक्षर इकडचं तिकडं झालं नव्हतं बघ. त्याच दिवशी कसं झालं, काय म्हाईत."

मला माहीत होतं. मी ओट्याच्या खांबाला धरून उभी होते. आप्पा पत्रिका उलटसुलट करून पाहत होते. मुहूर्त कधीचा, हॉल कुठला, असं विचारत होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. दहा वर्षं मी एक गोष्ट रंगवून सांगत होते आणि हे गृहस्थ शेजारी बसून माझ्याबरोबर हसत होते.

काका गेल्यावर आप्पा पायरीवर बसले. मी विचारलं, "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?"

"माझ्यामुळे गेलं ते."

"तुझ्यामुळं कसं? कार्ड माझ्या हातात व्हतं," आप्पा म्हणाले. मग अजिबात तक्रारीचा सूर न लावता म्हणाले, "मने, त्या दिवशी मी गल्लीत वळलो, तवा तू वरनं वरडली व्हतीस, 'आप्पा, इंग्रजी कसं झालं?' जागेचं तू इचारलंच नाय. इंग्रजीचं इचारलं. ते चांगलंच झालं व्हतं. मंग तेच सांगितलं."

मी ओरडले होते. खरंच तसंच ओरडले होते, गच्चीच्या कठड्यावरून अर्धी बाहेर वाकून. मला माझा निकाल हवा होता. त्यांना काय झालं हे मी तेव्हा विचारलं नाही, जागा गेल्याचं कळलं तेव्हा विचारलं नाही, त्यानंतरच्या एकाही उन्हाळ्यात विचारलं नाही. वशिल्याला शिव्या देऊन मोकळी झाले होते. मी त्यांच्याशेजारी पायरीवर टेकले. समोरच्या रस्त्यानं एक द्राक्षांची गाडी रिकामी होऊन परत चालली होती.

"आप्पा," मी म्हटलं, "जागा गेली तेव्हा तुम्हाला फार वाईट वाटलं होतं का?"

आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि हातातच धरून ठेवला.

"लय वाटलं, मने," ते म्हणाले. "शिक्का पायजे व्हता मला."